मदत हवी आहे: आंग कू कुएची नक्षी वाफवल्यावर टिकत नाही

सिंगापूर आणि मलेशियातील पेनांग येथील होक्किएन (मूळच्या चीनच्या फुजियान प्रांतातील) घरांत बाळ महिन्याचे झाल्यावर वाटला जाणारा, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेला लाल ‘आंग कू कुए’ हा सारण भरून वाफवलेला गोड पदार्थ मी घरी करू पाहत आहे. साखर घालून परतलेल्या मूगडाळीचे सारण सोपे आहे. अडचण पारीची आहे. चिकट तांदळाचे पीठ (मोदकाची पिठी येथे उपयोगाची नाही) उकडलेल्या रताळ्यासह मळून, सारण भरून, लाकडी साच्यात दाबून केळीच्या पानावर काढेपर्यंत नक्षी स्पष्ट असते, परंतु वाफवल्यावर पारी पसरून ती पुसट होते. आच मंद ठेवून मधूनमधून झाकण उघडावे, असे सुचवले जाते. ते नेमके किती वेळाने उघडावे आणि रताळ्याचे प्रमाण किती ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.