‘तो आफ्रिकेतला विषय आहे’ म्हणणाऱ्यांना

निवृत्त नर्सबाई, अकोला जिल्हा
सकाळी गटावर पोस्ट आली: ‘6 फेब्रुवारीला मुलींच्या खतनाविरुद्ध, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याविरुद्ध, दिवस पाळतात. हा आफ्रिकेतला विषय. आपल्या विदर्भात असलं काही नाही, उगाच अत्याचार-अत्याचार करू नका.’ खाली चाळीस अंगठे. मला राहवलं नाही.

दुसरीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण बोहरी मुसलमान होती. वडिलांचं बाजारात नळ-पायपाचं दुकान. दिवाळीच्या सुट्टीत ती मुंबईला मावशीकडे गेली. परत आली तर लंगडी खेळेना, बाकावर एका मांडीवर भार देऊन बसायची. मला वाटलं, पडली असेल. पन्नाशी उलटल्यावर तिनं सांगितलं: दोघींनी पाय धरले, तिसरीच्या हातात ब्लेड होतं, आई दाराबाहेर उभी होती. तोवर मी तीस वर्षं बाळंतपणं केली होती आणि शेजारच्या बाकावरची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

जगात खतना झालेल्या बाया-मुलींचा युनिसेफनं 2024 साली दिलेला आकडा 23 कोटींच्या वर आहे. त्यातल्या 8 कोटी बाया-मुली आशियातल्या. आता म्हणा आफ्रिका.

दर्यापूरकर
ताई, तुमचा मान ठेवून सांगतो, हे चूक करताय. माझ्या बापाला पेरणीच्या वेळी बोहरी दुकानदारानंच पाइप उधार दिले, एक पैसा व्याज घेतलं नाही. आज बोट दाखवलं की उद्या लोक दुकानं फोडतात. आणि सुंता तर मुलांचीही होते. तिला कोणी हिंसा म्हणत नाही.

यवतमाळची सून
दादा, मी बोहरी आहे. आमच्या वतीनं तुम्ही गप्प बसू नका, आम्हीच बसलोय इतकी वर्षं. कापतात त्या भागाला आमच्यात ‘हराम की बोटी’, म्हणजे पापाचा मांसतुकडा, म्हणतात. मुलीची कामेच्छा ताब्यात राहावी म्हणून कापतात. मुलाच्या सुंतेबद्दल असं बोललेलं कधी ऐकलंय? मासूमा रानालवींसारख्या आमच्याच बायका याविरुद्ध उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयात 2017 ला याचिका गेली, 2018 ला प्रकरण पाच न्यायमूर्तींकडे, पुढच्या वर्षी शबरीमला मंदिरातल्या बायकांच्या प्रवेशाच्या खटल्याबरोबर आणखी मोठ्या पीठाकडे. वेगळा कायदा अजून नाहीच. माझी मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा मी सासूला सांगितलं, ‘मुंबईला करून आणलं.’ खोटं सांगितलं. आजही त्या खोट्यावरच आमचं घर चाललंय.

पण नर्सबाई, तुमच्या पोस्टखाली आमच्या धर्मावर जे शेरे आलेत ते वाचून उद्या गल्ल्यावर बसायची भीती वाटते. ते आधी पुसा.

पऱ्हाटीवाला
तुमी सारे एकाच समाजाचं घेऊन बसले. माह्या बायकोची गर्भपिशवी 29व्या वर्षी काढली, तिचं काय? अंगावरून पांढरं जाते म्हणून तालुक्याच्या खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईन. दोन लेकरं हायेत न, आता कायले पाह्यजे?’ कापूस घरात पडला होता, भाव नव्हता, तसाच विकला. आता 36ची हाय. अंगातून वाफा निघतात, निंदाले बसली तर उठता येत नाही. हे कापणं नाही का, बापा?

दर्यापूरकर
विषय भरकटवू नका. पिशवीला बाईची संमती असते. माझ्या वहिनीनं स्वतः मागून काढली. सोयाबीनच्या सोंगणीत पाळीपायी रोजी बुडायची.

निवृत्त नर्सबाई
रोजी बुडते म्हणून अवयव काढायचा, याला संमती म्हणता? शरम वाटू द्या! बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं 2019 ला विधिमंडळात गाजलं, आमदार नीलमताई गोऱ्हेंची समिती बसली. 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना विनाकारण पिशव्या काढण्यावर देखरेख ठेवायला सांगितलं. आपल्या कापूस-सोयाबीनच्या बायांकडे कोण पाहतं? मी ते कागद पाहिलेत. बाईचा अंगठा कोपऱ्यात, आणि ठसठशीत सही नवऱ्याची.

पऱ्हाटीवाला
सही मीच केली. बोला आता.

यवतमाळची सून
माझी आईसुद्धा दाराबाहेर उभी होती, दादा. तिलाही कोणीतरी सांगितलं होतं की हे मुलीच्या भल्याचं आहे. मी अजून तिच्याशी धड बोलत नाही. तुमची बायको तुमच्याशी बोलते ना?

पऱ्हाटीवाला
बोलते.

दर्यापूरकर
सुंतेचं उदाहरण मागे घेतो. वहिनीचं मला वाटतं तेवढं साधं नसेल, तेही मान्य. दुकानं फोडतील ही भीती मात्र मागे घेत नाही.

यवतमाळची सून
घेऊही नका.

निवृत्त नर्सबाई
शेरे पुसले. सकाळीच पुसायला हवे होते, चुकलं माझं. पऱ्हाटीवाले भाऊ, डिस्चार्ज कार्ड शोधा. पिशवीसोबत बीजकोशही काढलेत का, ते त्यात लिहिलेलं असतं. काढले असतील तर हाडं ठिसूळ होतात, त्यावर औषध आहे. कार्ड नसेल तर दवाखान्याकडे लेखी मागा.

पऱ्हाटीवाला
सापडलं. पेटीत साडीखाली ठेवलं होतं तिनं. इंग्रजीत हाय. फोटो टाकू काय इथं?

निवृत्त नर्सबाई
इथं नको. ते तिचं आहे. आधी तिला विचारा, मग मला एकटीला पाठवा.