थोडक्यात वाचली, पण आता गाडीत बसलं की हात थरथरतात. तुम्ही लोक डोकं शांत कसं ठेवता?

झिरोमाईलवाली:
नमस्कार मंडळी. माझी नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, घर नागपूरला मनीष नगरमध्ये, रोजचं जाणं-येणं वर्धा रोडनं, म्हणजे हायवे काही मला नवीन नाही. मागच्या आठवड्यात निघायला उशीर झाला, अंधार पडला होता, बुटीबोरी सोडून जामठ्याकडे येऊन राहिली होती, स्पीड ऐंशीच्या आसपास, पलीकडच्या गाड्यांचे अप्पर डोळ्यावर, आणि अचानक माझ्याच लेनमध्ये पांढुरकं ढिगासारखं काहीतरी दिसलं. कापसाची ट्रॉली! मागे लाल लाईट नाही, रेडियमची पट्टी नाही, कापूस दोन्हीकडून एवढा फुगलेला की ट्रॉली कुठे संपते तेच समजे ना. ब्रेक पूर्ण दाबला तर पेडल पायाखाली कर्रर्र करून थरथरायला लागलं, खालून असा आवाज की वाटलं ब्रेक तुटला, तरी पाय काही उचलला नाही. गाडी थांबली तेव्हा कापसात अडकलेला पालापाचोळा हेडलाईटमध्ये स्पष्ट दिसत होता, एवढं जवळ. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही, तो आपला गाणे लावून चालला गेला.

मग गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावायला गेली तर वायपर सुरू झाले. हात असे कापत होते की बाटलीचं झाकण उघडे ना. ऑफिसमधला एक जण म्हणे, तू घाबरट आहेस, मी असतो तर कट मारून आरामात निघून गेलो असतो. आता रोज त्या जागेवर आली की पोटात गोळा येते आणि रात्री झोपताना तीच ट्रॉली दिसते. मला दोन गोष्टी सांगा न, एक तर ते पेडल काहून थरथरलं, आणि दुसरं, अशा वेळी शांत राहणारे लोक नेमकं करतात काय?

गिअरबॉक्स:
पेडलचं टेन्शन घेऊ नका, तो एबीएस आहे आणि तो तेवढ्यासाठीच असते. चाक लॉक होऊन घसरायला लागलं की सिस्टम ब्रेकचं प्रेशर सोडते-पकडते, सोडते-पकडते, सेकंदात कितीतरी वेळा, तेच धक्के तुमच्या पायाला लागतात. कर्रर्र आवाज आला म्हणजे चालू आहे. गंमत अशी की बरेच लोक नेमके त्याच वेळी घाबरून पाय उचलतात आणि गाडी जाऊन आदळते. तुम्ही पाय दाबून ठेवला म्हणून आज इथे लिहून राहिल्या. दुसरा फायदा म्हणजे चाक लॉक होत नाही, त्यामुळे पूर्ण ब्रेकवर पण स्टेअरिंग चालते. 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे नवीन कारला एबीएस कंपल्सरी आहे, पण शोरूमवाला सनरूफ अर्धा तास दाखवते आणि हे कोणी सांगत नाही.

आता तुमच्या ऑफिसच्या हिरोबद्दल. ऐंशीच्या स्पीडला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यातच एक-दीड सेकंद जाते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 22 ते 33 मीटर गेले, वरून सुक्या रोडवर थांबायला अजून 35 च्या आसपास. टोटल साठच्या घरात. आणि डिप्परवर नीट दिसते किती, तर 40-50 मीटर! म्हणजे हिशोबच तोट्याचा आहे. साठच्या स्पीडला हेच सगळं चाळीसच्या आसपास बसते. कट मारला असता तर बाजूच्या लेनमध्ये कोण आहे ते आरशात पाहायला वेळ होता का? नव्हता. डावीकडे चुकून एखादा बाईकवाला असता तर? आधी सरळ रेषेत पूर्ण ब्रेक, आणि मोकळी जागा खरंच दिसली तरच स्टेअरिंग, तेही ब्रेक न सोडता.

तर्रीपोहा:
शांत बिंत काही नसते बाप्पा, नशीब असते. ज्याची वेळ आली तो एबीएस घेऊन पण जाते. आणि त्या ट्रॉलीवाल्यांना पयले धरा, सीझन आला की मागे एक लाल कपडा बांधला की झालं यांचं, रात्री लाल कपडा कोणाला दिसते बे?

झिरोमाईलवाली:
तर्रीपोहा, इथे तर लाल कपडा पण नव्हता 😅 ट्रॉलीवाल्यांना धरा ते ठीक आहे, पण उद्या सकाळी ऑफिसला मला जायचं आहे न.

रिटायर्ड_स्टेअरिंग:
पोरी, उभी नोकरी मी एसटीचं स्टेअरिंग धरण्यात काढली, गणेशपेठहून लांबच्या नाईट केल्या, तर माझं ऐक. लोकाईले वाटते ड्रायव्हर लय शांत डोक्याचा म्हणून वाचला. असं नसते. तो आधीच मागे राहिलेला असते म्हणून त्याले शांत राहाले वेळ भेटते. समोरच्या गाडीनं एखादा खांब ओलांडला की मनात एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणायचं, त्याच्या आधी तू खांबापाशी पोचली तर तू जवळ आहे. पावसात अजून सोडायचं. मधात कोणी घुसते, घुसू द्या, पुन्हा मागे व्हायचं. त्यानं घरी पोचायला काही उशीर होत नाही, पण आपल्या लोकाईले तो अपमान वाटते.

दुसरं, डोळे. पलीकडून अप्पर आला की त्याच्या लाईटकडे पाहायचं नाही, आपल्या डाव्या हाताची पांढरी पट्टी पकडायची आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. नवीन पोरं ज्या गोष्टीले भितात तिच्याकडेच टक लावून पाहतात, मग गाडी पण तिकडेच जाते. खड्डा पाहिला की खड्ड्यात, ट्रक पाहिला की ट्रकखाली. जिथून निघायचं आहे ती जागा पाहायची. हे त्या सेकंदाले आठवत नाही, रोज आठवावं लागते, रिकाम्या रोडवर पण मनात विचारत राहायचं, आता हा टिप्पर मधातच थांबला तर मी कुठे जाईन? मी हे इतकी वर्षं केलं की आता रिक्षात मागे बसलो तरी पाय ब्रेक शोधते, बुढी हासते घरी.

आणि टायर फुटला तर उलटं बरं का, तिथं ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टेअरिंग दोन्ही हातानं घट्ट, पाय काढून घ्यायचा, गाडीले आपोआप हळू होऊ द्यायचं.

समृद्धीचा_पॅसेंजर:
काका, हे टायरचं समृद्धीवर जाणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. महिन्यात एखाद वेळी शिर्डीकडे जाणं होते. रोड मक्खन, 120 ची लिमिट, आणि तिथे प्रॉब्लेम घाबरण्याचा नाहीच, झोपेचा आहे. सरळ रोड, काही बदलतच नाही, डोळे उघडे पण डोकं बंद. निघायच्या आधी हवा थंड टायरवर चेक करायची आणि झोप यायला लागली की खिडकी उघडणे, गाणे मोठे करणे हे सगळं फालतू आहे, थांबून पंधरा-वीस मिनिटं झोपा. सॉरी, थोडं विषयाच्या बाहेर झालं.

नाईट_ड्युटी:
मी नर्स आहे, कॅज्युअल्टीला असते, तर थरथरण्याबद्दल लिहिते कारण वर सगळे गाडीबद्दलच बोलून राहिले. ताई, तो घाबरटपणा नाही. धोका दिसला की शरीर ॲड्रेनलिन सोडते, छाती धडधडते, नजर अरुंद होते, बोटांची बारीक कामं जमत नाहीत, म्हणून तर इंडिकेटरच्या ऐवजी वायपर आणि बाटलीचं झाकण. पाय मात्र जोरात दाबता येते, कारण ते मोठ्या स्नायूचं काम आहे. ट्रॉली गेली तरी रक्तातलं ॲड्रेनलिन लगेच जात नाही, त्याचीच ती थरथर. आमच्याकडे अपघातातून एक ओरखडा न घेता आलेली धडधाकट माणसं चहाचा कप धरू शकत नाहीत, मी स्वतः पाहते. अशा वेळी लगेच गाडी चालवू नका, तुम्ही बाजूला घेतली ते बेस्ट केलं. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. लांब श्वास सोडला की हृदयाची गती खाली येते.

झोपेतल्या ट्रॉलीबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगते. इंग्लंडमधे ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलमधे गाडीच्या अपघातातून आलेल्या लोकांना सहा तासांच्या आत टेट्रिस खेळायला दिलं होतं, तो ठोकळ्यांचा गेम, तेही आधी अपघात थोडक्यात आठवायला लावून. 2017 ला छापून आलं. पुढच्या आठवड्यात त्यांना ते नको असलेले सीन बाकीच्यांपेक्षा कमी आठवले. डोळ्यासमोर चित्र पक्कं होते तेव्हाच डोक्याला दुसरं चित्राचं काम द्यायचं, असा त्यामागचा विचार. तुमचे सहा तास कधीच निघून गेले, पण पुढच्या वेळी (देव न करो) कोणी म्हटलं मोबाईलवर काय खेळत बसली तर हे सांगा.

पहिले काही आठवडे असं होणं कॉमन आहे, बहुतेकांचं आपोआप कमी होते. महिना उलटला तरी झोप उडालीच असेल किंवा तो रोडच टाळावासा वाटला तर डॉक्टरला दाखवा, नाहीतर 14416 वर फोन करा, टेलिमानस म्हणून सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. रोड मात्र आत्ताच सोडू नका, टाळलं की भीती अजून बसते. थोडे दिवस उजेडात जा, सोबत कोणाला घ्या.

तर्रीपोहा:
नर्स ताईनं तर आपली बोलतीच बंद केली. बरं, नशीब पन्नास टक्के, चालते?

झिरोमाईलवाली:
सगळ्यांना खूप थँक्स. काकांचं "एक हजार एक" आज सकाळीच करून पाहिलं, खापरीपर्यंत चार जण मधात घुसले आणि मागच्यानं हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला, पण पोटातला गोळा खरंच थोडा कमी होता. गिअरबॉक्स, एबीएसची प्रॅक्टिस मुद्दाम करता येते का? पुन्हा तो आवाज आला तर मी दचकायला नको.

गिअरबॉक्स:
येते न. मिहानमधे आतले रोड रुंद आहेत, सुट्टीच्या दिवशी रिकामाच एखादा पकडा, मागे कोणी नाही ते आरशात पाहा, चाळीसला जा आणि ब्रेकवर उभ्या राहा. दोन-तीनदा केलं की पायाला सवय होते. मागच्या सीटवरचं सामान आधी काढून ठेवा, माझ्या गाडीत टिफिन समोर येऊन सगळी भाजी डॅशबोर्डवर झाली होती.

रिटायर्ड_स्टेअरिंग:
आणि पहाटे नको जाऊ तिकडं, सायकलवाले पोट्टे राहतात. दुपारी जा.