आठवण म्हणून काय ठेवायचं: भिंतीला नाव, की त्या दिवसाचा अहवाल?

काळा_कातळ (धागाकर्ता)

रविवारी नागपुरात धरमपेठेत आपल्या मित्राची शोकसभा आहे. नाव इथे घेत नाही. मिहानमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस कड्यावर, एवढ्यावरून बरेच जण ओळखतील. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात सातपुड्यातल्या एका कड्यावर चढाई पूर्ण करून रॅपलिंगने, म्हणजे दोरावरून सरकत, उतरताना तो दोराच्या टोकावरून निसटला. अंधार पडत आला होता. दोर संपला की माणसाला अडवतील अशा गाठी टोकांना नव्हत्या.

सभेसाठी ग्रुपवर सूचना आल्या: त्याच्या नावाने क्लायम्बिंग वॉल (चढाईच्या सरावाची भिंत), दरवर्षी स्पर्धा, फोटोंची चित्रफीत. कशालाच ना नाही. पण त्याची आठवण खरी ठेवायची असेल तर त्या संध्याकाळी नेमकं काय झालं याचा अहवाल लिहावा आणि चढाई करणाऱ्या सगळ्यांना वाचायला मोकळा ठेवावा, असं माझं मत आहे.

ऑफिसात सर्व्हर झोपला की दुसऱ्या दिवशी तो पानभर टिपण लिहायचा. काय झालं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. त्यात माणसाचं नाव कधीच नसायचं. हीच सवय त्याने आपल्या दोरांना लावली. कुठला दोर कधी घेतला, त्यावर कोण किती वेळा पडलं, कधी बाद करायचा, हे सगळं त्याने शीटमध्ये मांडलं होतं. आपण हसायचो त्याला.

आता माझी शंका. त्या दिवशी वापरलेला दोर मूळचा 60 मीटरचा. दिवाळीच्या सुमारास एका टोकाचं आवरण फाटलं म्हणून तेवढा तुकडा कापला गेला. दोराच्या मध्यावर काळी खूण असते आणि अँकरमधून (कड्यावरच्या पक्क्या आधारातून) दोर ओवताना ती पाहूनच दोन्ही बाजू सारख्या केल्या जातात. एका टोकाचे 4 मीटर गेले की एक बाजू 30 ची राहते, दुसरी 26 ची. खूण मात्र जागच्या जागी, ठसठशीत. खाली उभं राहायची जागा 28 मीटरवर असली तर 26 ची बाजू तिथवर पोचत नाही, पण वरून सगळं बरोबरच दिसणार. शीटमध्ये कापल्याची नोंद नाही.

अमेरिकन अल्पाइन क्लब 1948 पासून दरवर्षी चढाईतल्या अपघातांचे अहवाल छापतो. आपल्याकडे काय होतं? दोन दिवस बातमी, फोटोला हार, आणि ‘काळाने घाला घातला’.

आतेभाऊ_महाल

मी त्याचा आतेभाऊ. भाऊ, तुमचं सगळं लिहिणं वाचलं. राग आला, तरी उत्तर देतो.

घरी अजून दारावरची बेल वाजली की मामी उठून बघते. वहिनीने त्याची बॅग उघडलीसुद्धा नाही. आणि तुम्ही इथे 30 आणि 26 चा हिशेब मांडून राहिले. शोकसभेत माणसं रडायला येतात, मीटर मोजायला नाही. अहवाल निघाला की लोक काय वाचतील माहीत आहे? ‘एवढा शहाणा, आणि गाठ मारायला विसरला.’ झालं. पंधरा वर्षांची मेहनत एका ओळीत संपली.

शिवाय तुम्ही म्हणता अहवालात नाव नसेल. दोर कोणी कापला हे तुमच्या ग्रुपात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पोराला तुम्ही नाव न घेता उभं करणार.

सातपुडा_जुना

आतेभाऊंचं दुःख मोठं आहे, त्यावर बोलायचा मला हक्क नाही. पण ‘एवढा शहाणा आणि विसरला’ हे वाक्य अहवाल नसला तरी लोक बोलतातच. अहवाल असला तर निदान त्याला उत्तर देता येतं.

अमेरिकन क्लायम्बर लिन हिल 1989 मध्ये फ्रान्समध्ये पडली. हार्नेसला (कमरेच्या सुरक्षा पट्ट्याला) दोर बांधायला घेतला, मधेच बुटांकडे गेली, कोणाशी तरी बोलली, गाठ अर्धीच राहिली आणि वरच्या जॅकेटखाली ती दिसली नाही. 20 मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडली, झाडामुळे वाचली. चारच वर्षांनी तिने कॅलिफोर्नियात योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्याचा ‘नोज’ हा मार्ग मुक्त चढाईने, म्हणजे वर जायला फक्त हातापायांचा आधार घेऊन, सर केला. तोवर कोणालाच, पुरुषालाही, ते जमलं नव्हतं. टॉड स्किनर 2006 मध्ये योसेमिटीतच गेला, हार्नेसचा बिले लूप (ज्यावर सगळा भार येतो तो पुढचा फास) झिजून तुटला म्हणून. झीज त्याला दिसलेली होती, नवा हार्नेस मागवलेलाही होता. ब्रॅड गोब्राइट 2019 मध्ये मेक्सिकोत गेला. दोराच्या बाजू असमान आणि टोकाला गाठ नाही, म्हणजे जवळजवळ आपलीच गोष्ट. सोबतचा जोडीदार वाचला आणि त्याने झालं ते सांगितलं, म्हणून जगाला कळलं.

यातल्या कोणाला आज कोणी मूर्ख म्हणत नाही. आणि नवख्या पोरांना ‘गाठ मारा’ म्हणून ओरडण्यापेक्षा ही तीन नावं सांगितली की त्यांचे हात आपोआप टोकाकडे जातात, हा माझा अनुभव आहे.

गाठी का नसतात हेही लिहायला हवं. वाऱ्यात दोर फेकला की गाठ करवंदीच्या जाळीत नाहीतर फटीत अडकते आणि मग अंधारात तो सोडवत बसावं लागतं. म्हणून भलेभले टाळतात. हा आळस नव्हे, एक धोका टाळायला दुसरा पत्करणं आहे. अहवालात हे आलं नाही तर तो अहवाल कामाचा नाही.

रात्रपाळी

मी त्याच्या शेजारच्या टीममध्ये होते. त्याची टिपणं खरंच तशी असायची. पण धागाकर्त्यांनी ऑफिसचं चित्र जरा गोड काढलंय.

‘दोष कोणाचा ते विचारायचं नाही’ ही पद्धत कागदावर सगळीकडे आहे. जॉन ऑलस्पॉ यांनी 2012 मध्ये एट्सी या अमेरिकन वेब कंपनीतल्या अनुभवावर लिहिल्यापासून तर ती फॅशनच झाली. 2017 मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला, तेव्हा कंपनीने सगळं उघड मांडलं. हात कोणाचा होता यापेक्षा बॅकअपचे सगळे मार्ग ऐन वेळी कसे निकामी निघाले यावर भर दिला. वाचायला फार छान. आमच्याकडे मात्र रेटिंगच्या वेळी प्रत्येक मॅनेजरला बरोबर आठवायचं की कोणाच्या कमिटने (कोडमधल्या बदलाने) चालू यंत्रणा बंद पडली होती. तो या गोष्टीवर चिडायचा. एकदा मीटिंगमध्ये सरळ म्हणाला, ‘असं असेल तर पुढच्या वेळी लोक लॉग, म्हणजे नोंदीच, पुसतील.’

तेव्हा माझा प्रश्न: ज्याने तुकडा कापला त्याला तुमच्या ग्रुपात उद्या कोणी बिलेला, म्हणजे आपला दोर खालून सांभाळायला, उभं करेल का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर अहवाल लिहू नका.

तांत्रिक बाजूने मात्र धागाकर्त्यांची शंका मला पटते. 4 जून 1996 ला एरियान 5 रॉकेट उडाल्यावर 40 सेकंदांच्या आत भरकटलं आणि फुटलं. एरियान 4 चं सॉफ्टवेअर तसंच उचललेलं होतं. जुन्या रॉकेटला जो आकडा कधी ओलांडताच आला नसता, तो नव्याच्या वेगाने ओलांडला. कोड जसाच्या तसा होता, त्याच्या खालचं रॉकेट बदललं होतं. दोर बदलला आणि खूण तशीच राहिली, हे त्याच जातीचं आहे. चौकशीचा अहवाल जाहीर झाला म्हणून आज कॉलेजात शिकवतात.

तर्रीपोहे_जास्तीचे

मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय. त्याची आठवण म्हणजे त्याची शेवटची पाच मिनिटं आहेत का?

मी त्याच्याकडे शिकले. पहिल्यांदा पडले तेव्हा घाबरून रडायला आलं होतं. त्याने खाली घेतलंच नाही. दोरावर लटकत ठेवलं आणि खालून शांतपणे विचारलं, ‘आधी कोणता पाय सुटला?’ मला आठवेना. म्हणाला, ‘मग परत चढ, आणि यावेळी बघून पड.’ बोटांना पांढरी टेप, टी-शर्टवर खडूची भुकटी. उतरल्यावर टपरीवर तर्री पोहे, आणि पैसे कोणालाच देऊ द्यायचा नाही. माझ्या बाबांनी ‘मुलींना कशाला हे’ म्हटलं तर घरी येऊन त्यांना हार्नेस घालून दाखवला. बाबा त्यात अडकले, आई हसून हसून बेजार.

भिंतीला उगाच नावं ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर इथल्या कातळाला हात लावून दाखवा. काळा दगड पंचेचाळीसच्या उन्हात तवा होतो. पावसाळ्यात शेवाळ. म्हणजे वर्षातले किती महिने उरले? छताखालची भिंत झाली तर चार पोरी तरी वर्षभर सराव करतील. अहवाल वाचायला आधी चढणारी माणसं तर हवीत!

वकील_सिव्हिल_लाइन्स

मी क्लायम्बर नाही. भाचा आहे, त्याने लिंक पाठवली.

धागाकर्त्यांनी जे लिहिलंय ते इथे लिहायलाच नको होतं. अशा मृत्यूची पोलीस आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद घेतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चौकशी होते. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचं कोणाला वाटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) आहे, 1 जुलै 2024 पासून लागू. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं होती, आता पाच. तुकडा कापून नोंद न ठेवणं यात बसतं का, हा वादाचा मुद्दा आहे आणि माझ्या मते बसवणं अवघड आहे. पण तुमच्या मित्राने तो वाद पोलीस ठाण्यात बसून का घालायचा?

दुसरं, विमा. बऱ्याच वैयक्तिक अपघात पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. क्लेम लागायच्या आधी मित्रमंडळींनी हौसेने लिहिलेला कागद कोणाच्या टेबलावर जाईल, सांगता येत नाही. अहवाल लिहा, पण आधी चौकशी आणि क्लेम दोन्ही मार्गी लागू द्या.

काळा_कातळ (धागाकर्ता)

वकीलसाहेब, थांबण्याचा मुद्दा मान्य. रविवारी काही वाचणार नाही. पण थांबणं आणि विसरणं यातलं अंतर आपल्याकडे फार कमी असतं, याची मला धास्ती आहे. क्लेम लागेल, वर्षश्राद्ध होईल, भिंतीचं उद्घाटन होईल, आणि दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपात कोणीतरी दोराचा तुकडा कापून खूण तशीच ठेवील.

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: परवाच्या सरावाला मी त्याच मुलाच्या बिलेवर चढलो. मुद्दाम. बाकीचे बघत होते, बघू दिलं.

तर्रीपोहे, भिंत हवीच. पण तिच्या पायथ्याशी नुसता फोटो नको. दोर ओवायची पद्धत लावा: खुणेवर विसंबू नका, दोन्ही टोकं हातात घेऊन तिथून मध्य काढा, टोकांना गाठी मारा, आणि कापलेल्या दोराची जुनी खूण मिटवून नवी करा.

सातपुडा_जुना

लांब दोर कड्यावर टोकापासून ओढत बसायला वेळ लागतो आणि संध्याकाळी तो नसतो. खाली जोडीदार असेल तर त्याला दोन्ही टोकं जमिनीला टेकली का ते ओरडून विचारा. कोणी नसेल तर गाठी. पाटीवर हेही लिहा.

आतेभाऊ_महाल

काल वहिनीला धागा वाचून दाखवला. सगळा नाही, जमेल तेवढा.

ती म्हणाली, तो असता तर त्यानेच आधी लिहिलं असतं आणि घरी सगळ्यांना वाचायला लावलं असतं. मामी मात्र नाही म्हणते, आणि मीही अजून मामीच्या बाजूने आहे. वहिनीची अट आहे की जे लिहाल ते पहिल्यांदा तिच्या हातात द्या आणि ती हो म्हणेपर्यंत कुठे टाकू नका. दुसरं, ज्या मुलाने दोर कापला त्याला घरी पाठवा, तिला त्याच्याशी बोलायचं आहे. त्याला सांगा, भीती वाटायचं कारण नाही, मी असेन.

आणि वकीलसाहेब, तो दोर पोलिसांकडे मुद्देमालात जमा आहे. तो मोजल्याशिवाय हे 30 आणि 26 सगळं हवेतच ना? परत मिळायला किंवा निदान त्यांच्यासमोर मोजायला अर्ज कोणाकडे करायचा, ते सांगा. वहिनी सही करायला तयार आहे.