रॉथकोच्या चित्रांपुढे रडू येतं ते रंगामुळे की ती लावलेल्या खोलीमुळे?

गेरू:
दोन-तीन धूसर पट्टे, ना चेहरा ना प्रसंग, तरी माणसं रडतात. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोने 1957 साली छापून आलेल्या संभाषणात हे स्वतःच सांगितलंय. माझ्या मते श्रेय रंगलेपनाचं. पातळ केलेल्या रंगाचे थर एकावर एक, खालचा वरच्यातून झिरपतो, कडा विरघळलेल्या. पृष्ठभाग नक्की कुठे आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही. शिवाय नजर एका जागी रोखली की धूसर कड हळूहळू दिसेनाशी होते (ट्रॉक्सलर परिणाम) आणि पट्टा श्वास घेतोय असं वाटतं. ओळखायला काहीच नाही, म्हणून मन स्वतःकडे वळतं.

खडूस प्रेक्षक:
शेवटचं वाक्य रिकाम्या भिंतीलाही लागू पडेल! अमेरिकेत ह्यूस्टनचं रॉथको चॅपल (प्रार्थनागृह, 1971) बघा: अष्टकोनी खोली, 14 काळपट चित्रं, बाक, शांतता. लोक रडायच्या तयारीनेच आत शिरतात. आणि अभिप्रायाच्या वहीत अश्रूंबद्दल लिहितो तो रडलेलाच. कोरड्या डोळ्यांनी गेलेला कशाला लिहील? उलट हार्वर्ड विद्यापीठात 1964 साली रॉथकोचीच चित्रं जेवणाच्या हॉलमध्ये लागली. उन्हाने लिथॉल रेड हा लाल रंग उडाला, 1979 मध्ये चित्रं काढून ठेवली. तिथे जेवताना कोण हुंदके देत होतं?

तैलरंग:
हार्वर्डचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. रंगच उडाला तर उरलं काय? 2014 मध्ये तिथे कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरच्या प्रकाशाने उडालेला रंग भरून दाखवला. दिवा बंद केला की पुन्हा फिकट.
प्रकाश मंद हवा आणि प्रेक्षक जवळ, साधारण दीड फुटावर, हा रॉथकोचाच आग्रह. दीड फुटावरून चित्राच्या चारही कडा एकदम नजरेत येत नाहीत, म्हणून ती ‘वस्तू’ राहत नाही. थेट स्पॉटलाइट मारला की चकाकी येते, थर सपाट दिसतात. वार्निश लावलं तर मॅट आणि चकचकीत भागांतला फरकच जातो. फोनवर बघून मत देणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. उजेडातून आलात तर डोळे सरावायला काही मिनिटं द्या, पाटी नंतर वाचा.

खडूस प्रेक्षक:
म्हणजे दिवा, अंतर, वेळ सगळं जुळवायचं आणि श्रेय मात्र कॅनव्हासला?

गेरू:
गाण्याला शांत सभागृह लागतं म्हणून रडवणारं सभागृह ठरत नाही. त्याच खोलीत त्याच मापाचे सपाट रंगवलेले फलक लावा, तेवढाच वेळ बसवा. तरी लोक रडले तर मी माघार घेईन.

खडूस प्रेक्षक:
चालेल. पण फलकाखाली रॉथकोचं नाव लिहायचं, मगच चाचणी खरी.