मदत हवी आहे : कंपनीच्या प्रतिष्ठानाकडे अनुदान मागताना अंदाजपत्रक कसे मांडावे?

सप्रेम नमस्कार. आमची नोंदणीकृत संस्था गेली 9 वर्षे शाळकरी मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते आणि आजवरचा सारा खर्च वैयक्तिक देणग्यांवरच भागला आहे. यंदा प्रथमच आम्ही एका कंपनीच्या प्रतिष्ठानाकडे 22 पानांचा प्रस्ताव पाठवला. ‘आमच्या प्राधान्यक्षेत्रात बसत नाही’ एवढेच एका ओळीचे उत्तर आले. नंतर त्यांचा वार्षिक अहवाल चाळला, तेव्हा ध्यानात आले की त्यांची बहुतेक अनुदाने कंपनीच्या कारखान्यांच्या परिसरातच जातात. हे आधीच पाहायला हवे होते, चूक आमचीच.

आता दुसऱ्या प्रतिष्ठानाला आधी दोन पानांचे प्राथमिक पत्र पाठवण्याचा विचार आहे. त्यासोबत लेखापरीक्षित ताळेबंद जोडावा, की मागितल्यावर द्यावा?

खरी अडचण मात्र अंदाजपत्रकाची आहे. पुस्तके, बाके, संगणक यांना पैसे सहज मिळतात, पण प्रशासकीय खर्चावर अनेक प्रतिष्ठाने मर्यादा घालतात आणि आमचा निम्म्याहून अधिक खर्च मानधनाचा आहे. ज्या शिक्षिकेवाचून अभ्यासिकेचे कुलूपही उघडत नाही, तिचे मानधन कार्यक्रम खर्चात दाखवणे रास्त ठरेल का? आणि हिशेबनिसाचे काय करावे?

ज्या दुसऱ्या प्रतिष्ठानाला आता पत्र पाठवणार आहोत, त्याच्या कंपनीतील एक अधिकारी दर शनिवारी आमच्याकडे गणित शिकवतात. पत्रात त्यांचा उल्लेख केल्यास तो वशिला वाटेल का? मंजूर झालेल्या प्रस्तावातील अंदाजपत्रकाचा नमुना कोणी दाखवू शकल्यास आम्ही आभारी राहू.