मदत हवी आहे : मुंग्यांच्या सिम्युलेशनमध्ये गंध किती वेगाने विरावा?

नमस्कार. नागपुरातील एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवते. परस्परांशी थेट न बोलता, केवळ भोवतालावर उमटलेल्या खुणांच्या आधारे कामाची सांगड कशी बसते, हे दाखवण्यासाठी आम्ही मुंग्यांचे सिम्युलेशन (संगणकावरील नक्कल) तयार करीत आहोत. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये वाळवीच्या बांधकामावरून ही कल्पना मांडली. वारुळे पाहिलेल्या आमच्या विदर्भातील मुलांना ती लगेच पटते.

अन्नापर्यंतचे दोन मार्ग सुरुवातीपासून खुले असले, तर आखूड मार्गावरून मुंग्या लवकर परततात, तेथे त्यांनी चालताना सोडलेला गंध दाट होतो आणि बहुतेक सगळ्या तिकडेच वळतात. परंतु आखूड मार्ग मागाहून उघडला, तर त्या जुन्याच लांब वाटेला चिकटून राहतात. (अर्जेंटाइन मुंग्यांवरील १९८९ च्या प्रयोगातही असेच दिसले होते.) गंध विरण्याचा वेग वाढवला की नवी वाट सापडते खरी, पण मग कोणतीच वाट टिकत नाही आणि मुंग्या पडदाभर विखुरतात.

हा वेग ठरवण्याची काही रीत आहे का? की तो स्थिर ठेवून, काही मुंग्यांना गंधाकडे दुर्लक्ष करू देणे अधिक योग्य ठरेल? ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.