चुन्याने भाजलेल्या डोळ्यासाठी मूलपेशी प्रत्यारोपण करावे का? सल्ला हवा आहे

विचारणा:
माझ्या 6 वर्षांच्या पुतण्याच्या उजव्या डोळ्यात आठ महिन्यांपूर्वी तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटली. दाह आता शमला आहे, परंतु बुबुळावर पांढरट पडदा आला असून त्या डोळ्याला केवळ उजेड कळतो. डॉक्टरांनी मूलपेशी प्रत्यारोपण सुचवले आहे. त्यासाठी निरोगी डाव्या डोळ्यातील ऊतक घ्यावे लागेल, हे ऐकून दादा-वहिनी धास्तावले आहेत. त्याऐवजी नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवता येणार नाही का?

प्रतिसाद 1:
नुसते दात्याचे बुबुळ बसवून भागणार नाही. बुबुळावरचा पारदर्शक थर सतत झिजतो आणि काळे-पांढरे जिथे मिळते त्या काठावरील मूलपेशी तो पुन्हा घडवत राहतात. चुन्याने हा काठच जळाला असेल, तर नव्या बुबुळावरही थर टिकत नाही आणि तेही गढूळ होते.

म्हणून आधी हा काठच ऊतक अभियांत्रिकीने, म्हणजे पेशींपासून ऊतक घडवण्याच्या तंत्राने, पुन्हा उभा करावा लागतो. त्यासाठी पेशी, त्यांना धरून ठेवणारा आधार आणि वाढीला पोषक परिस्थिती लागते. इटलीतील ग्रॅझिएला पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी काठावरील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून दोन रुग्णांच्या डोळ्यांवर बसवल्याचे 1997 मध्ये प्रसिद्ध केले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेल्या ‘स्लेट’ पद्धतीत मात्र चांगल्या डोळ्याच्या काठाचा सुमारे 2 मि.मी. लांबी-रुंदीचा तुकडा घेतात, त्याचे बारीक कण करतात आणि प्रसूतीनंतर वारेबरोबर मिळणाऱ्या पातळ पडद्यावर ते फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) गोंदाने चिकटवतात. पुढची वाढ थेट डोळ्यावरच होते. महागड्या प्रयोगशाळेवाचून हे साधते, म्हणून आपल्याकडे मला ही पद्धत फार मोलाची वाटते. याच संस्थेच्या 2016 च्या अहवालात 125 पैकी 95 रुग्णांच्या बुबुळावरचा नवा थर टिकला होता.

इतका लहान तुकडा घेतल्याने डाव्या डोळ्याची नजर सहसा बाधत नाही. मात्र चुना त्या डोळ्यातही उडाला नव्हता ना, हे आधी नीट तपासून घ्या. पापण्या व्यवस्थित मिटतात का आणि डोळ्यात पुरेसा ओलावा आहे का, हेही शस्त्रक्रियेपूर्वी विचारा.

प्रतिसाद 2:
माझ्या मुलीवर हीच शस्त्रक्रिया झाली आहे. निर्णय लांबवू नये, अशी कळकळीची विनंती आहे, कारण या वयात न वापरलेला डोळा आळशी होतो. बुबुळ स्वच्छ झाल्यावरही आम्हाला तिचा चांगला डोळा रोज काही तास झाकून दुसऱ्याला सवय लावावी लागली, आणि खरे सांगायचे तर शस्त्रक्रियेपेक्षा हेच अधिक कठीण गेले.